उसनं लिव्हरवर्ट

शेवटी मॉस जिंकलं, कारण लिव्हरवर्ट खाल्लं गेलं. हर्सूलला, भर दुपारी, ज्वारीच्या भाकरीबरोबर. आणि आणखी वाढा म्हणून सांगितलंही गेलं.

तर, अजून असं काहीही झालेलं नाही. दोन्ही नमुने सुखरूप आहेत, तुलना व्यवस्थित चालू आहे, आणि हेमचंद्र सर आपल्या टेबलाशी बसून सुपारी कातरताहेत. तिथून सुरू करू.

हैदराबाद संस्थानावरची पोलीस ॲक्शन होऊन बारा-चौदा वर्षं झाली होती. औरंगाबादेतल्या कचेऱ्यांवरचे शिक्के बदलले होते, माणसांच्या तोंडातले शब्द मात्र तेच राहिले होते. हेमचंद्र सर हैदराबादला वनस्पतिशास्त्र उर्दूतून शिकले होते. त्याला ते अजूनही ‘इल्मे नबातात’ म्हणत. मग राज्य गेलं, कॉलेजात इंग्रजी आली, आणि एका सकाळी सरांच्या लक्षात आलं की आपल्याला झाडांबद्दल सगळं माहीत आहे, फक्त त्यांची नावं गेली. बिचाऱ्यांनी चाळिशीत मूळ, खोड, पान इथून पुन्हा सुरुवात केली. पुण्याकडून आलेले तरुण प्राध्यापक त्यांना पाठीमागं हकीमसाहेब म्हणत, आणि समोर आले की खोकल्यावर औषध विचारत. सर खरंच सांगत. खोकला जाईसुद्धा.

सरांची एकच इच्छा होती. निवृत्त व्हायच्या आत परदेशातल्या एखाद्या नियतकालिकात आपला एक निबंध छापून यावा. विषयही त्यांनी ठरवला होता: उत्तरेकडच्या थंड मुलखातलं एक लिव्हरवर्ट आणि एक मॉस यांची तुलना. दोन्ही शेवाळासारख्या बारीक वनस्पती, दोन्ही दगडांवर वाढतात, दोन्ही महिनोन् महिने कडकडीत वाळून पडतात, आणि पाण्याचा थेंब लागला की काही झालंच नाही अशा थाटात हिरव्या होतात. त्यातलं कोण लवकर शुद्धीवर येतं, हे सरांना बघायचं होतं.

“सर, पण बर्फातली झाडं आपण का घ्यायची?” पुंजारामनं एकदा विचारलं होतं.

“वाळून पडायचं आणि पाणी आलं की जगायचं,” सर म्हणाले, “हे औरंगाबादच्या माणसापेक्षा जास्त कुणाला कळणार आहे?”

पुंजाराम हा सरांचा एम.एस्सी.चा विद्यार्थी. कन्नडजवळच्या एका वस्तीवरचा, शेतकऱ्याचा. त्याच्या घराण्यात वनस्पतींशी सगळ्यांचाच संबंध होता, पण त्यांचा अभ्यास करणारा हा पहिलाच. त्यामुळं घरचे त्याच्याकडं जरा काळजीनं बघत.

परदेशातल्या, उत्तरेकडच्या एका संग्रहालयाला सरांनी इतकी पत्रं लिहिली की शेवटी त्यांनी कंटाळून नमुने पाठवले. पाठवले म्हणजे उसने दिले. सोबत अटी होत्या: चिमूटभर ओलं करून तपासा, बाकीचं जसंच्या तसं परत करा, आणि थंड जागी ठेवा. पार्सलात जाड, साईच्या रंगाच्या कागदाची दोन पाकिटं होती. डिंक नाही, टाचणी नाही, नुसत्या घड्या. वर टंकलिखित नावं. सरांनी ती पाकिटं हातात धरली आणि त्यांच्या हाताला घाम सुटला, म्हणून लगेच खाली ठेवली.

आता मुख्य अडचण अशी की आपल्याकडं नवी वस्तू वापरायची नसते. सरांच्या घरी लग्नात आलेल्या कपबश्या अजून भुशातच होत्या. अशा माणसाला त्या पाकिटांची घडी मोडवेना. रोज उघडायची, रोज मिटायची, कडा मळणार, नावावर बोटं उमटणार, मग परत कोणत्या तोंडानं पाठवायची? सरांनी उपाय काढला. रद्दीतला एक उर्दू पेपर घेतला, त्याचे दोन तुकडे केले, आणि दोन्ही नमुने त्यात हलक्या हातानं बांधले. लिव्हरवर्टच्या पुडीला लाल दोरा, मॉसच्या पुडीला पांढरा. रिकामी पाकिटं त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हणजे नावं कुलपात सुरक्षित राहिली आणि नमुने बाहेर.

मे महिना होता. प्रयोगशाळेचं छत पत्र्याचं. सकाळी दहालाच तिथं पापड भाजले असते.

“पुंजाराम,” सर म्हणाले, “हे थंड मुलखातले मेहमान आहेत. यांना इथं ठेवणं बरं नव्हे.”

“सर, पण ते वाळलेले आहेत.”

“वाळलेला पाहुणा काय पाहुणा नसतो?”

पुंजाराम शहराबाहेर हर्सूलला राहायचा, त्याच्या आत्याकडं, चतुराबाईकडं. मातीच्या भिंतींचं घर, जाड छप्पर, कोपऱ्यात अर्धा जमिनीत पुरलेला पाण्याचा रांजण. त्या रांजणाशेजारी हात ठेवला तरी गार वाटायचं. सर एकदा तिथं पाणी पिऊन गेले होते आणि ते पाणी त्यांच्या लक्षात होतं. तेव्हा असं ठरलं की पाहुण्यांनी रांजणाशेजारी उतरावं, आणि पुंजारामनं तिथंच बसून तुलना सुरू करावी.

आता चतुराबाई. नवरा लवकर गेला, लेकरू नाही. तलावाखालच्या तुकड्यात वांगी-मिरच्या काढायची आणि छावणीच्या बाजारात विकायची. भावाच्या पोराला तिनं शिकायला ठेवून घेतलं होतं आणि गल्लीत सांगताना ती ‘माझा पुंजा’ म्हणायची. उन्हाळ्यात ती वर्षाचा काळा मसाला करायची, आणि तो गल्लीत नावाजलेला होता. त्या दिवशी सकाळीच तिनं पुंजारामला बजावलं होतं:

“छावणीतून दगडफूल आण. बाकी समदं हाय. त्येवढं राह्यलंय. इसरू नको.”

पुंजाराम विसरला. उसन्या पाहुण्यांना सायकलवरून सांभाळून आणण्यात त्याचं सगळं ध्यान गुंतलं. घरी आला तेव्हा आत्या मळ्यात होती. त्यानं दोन्ही पुड्या रांजणाशेजारी ठेवल्या. आत्याला सांगावं का, असा विचार त्याच्या मनात आला. पण काय सांगायचं? लिव्हरवर्ट सांगायचं तर मॉस सांगावं लागणार, मॉस सांगायचं तर बीजाणू सांगावे लागणार, आणि इतकं सांगूनही आत्या शेवटी ‘आन् त्येला खात्यात का?’ असंच विचारणार. तिला नाही कळायचं, असं त्यानं ठरवलं. एम.एस्सी.ला गेल्यावर सगळ्यात सोपी होणारी गोष्ट हीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला मामेभावाच्या लग्नाला कन्नडला जायचं होतं. पिशवी खांद्याला लावून तो उंबऱ्याबाहेर पडत होता, तेवढ्यात आत्यानं आतून हाक मारली.

“पुंजा, माझं काम क्येलंस न्हवं?”

आता ‘विसरलो’ म्हटलं असतं तर ती बोलली असती, बोलताना चहा ठेवला असता, आणि एस.टी. गेली असती.

“हो हो, केलं,” पुंजाराम म्हणाला आणि गेला.

पुढचं सगळं अगदी रीतसर झालं. चतुराबाईनं घरात शोधलं तर रांजणापाशी दोन पुड्या, वाण्यानं बांधाव्यात तशा. लाल दोरा सोडला. आत दगडावर वाढणारं, वाळलेलं, काळपट तांबूस, कुरळं काहीतरी. दगडफुलाचंही वर्णन हेच आहे, आणि सरांच्या निबंधातलं दुसरं वाक्यही हेच होतं. मग तिनं पांढरा दोरा सोडला. आत राखाडी रंगाचं, टोकाटोकाला पांढरे केस असलेलं काहीतरी निघालं. तिनं ते नाकाशी नेलं, लांब धरलं आणि शेजारच्या साळूबाईला हाक मारली.

“हे बघ गं. बुरशी लागल्यालं दिलंय. पोरगं साधं हाय म्हनून फसिवलं त्येला.”

“ते नको टाकू,” साळूबाई म्हणाली. “ही लाल दोऱ्याची पुडी चांगली दिसती की.”

“चांगली हाय, पर वासच नाय याला.”

“जुना माल असंल.”

“मंग समदंच टाकते.”

आणि अंगणात चुलीवर कढई चढली. धणे, तीळ, खोबरं, मिरच्या एकेक करून भाजल्या गेल्या. उत्तर ध्रुवाच्या वाऱ्यात पोसलेलं लिव्हरवर्ट गोडेतेलात परतलं गेलं. मग उखळ, मग मुसळ, मग चाळण. साळूबाईनं अर्धा हात लावला म्हणून तिला डबाभर मसाला मिळाला. तिनं त्यातला निम्मा छावणीत दिलेल्या लेकीकडं पाठवला.

लग्नाहून पुंजाराम परतला तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच त्याला शिंक आली. घरात येऊन त्यानं पहिल्यांदा रांजण बघितला. पांढऱ्या दोऱ्याची एकच पुडी.

“आत्या, इथली दुसरी पुडी?”

“मसाल्यात ग्येली की.” चतुराबाई हसली. “लई गुणाचं लेकरू. मी साळूबाईला म्हनलं बी, बोलत नाय माझा पुंजा, पर सांगितल्यालं काम इसरत नाय. लग्नाच्या गडबडीत बी ध्यान ठेवलंस.”

पुंजारामचे कान तापले. त्याला वाटलं, आता ती गप्प बसेल आणि आपण सांगू. पण ती गप्प बसली नाही.

“आन् ही दुसरी पुडी त्या दुकानदाराला परत दे. बुरशी लागल्याली हाय. तोंडावर टाक त्येच्या. लेकरू बघून फसिवतोस व्हय रं, म्हनावं.”

“देतो,” पुंजाराम म्हणाला.

याच्याइतकं जड गेलेलं ‘देतो’ त्याच्या आयुष्यात दुसरं नव्हतं. त्या दिवसापासून आत्या भाकरी वाढताना एक जास्त वाढू लागली, ध्यान ठेवलं म्हणून. तो ती खायचा. नाही म्हटलं तर का, ते सांगावं लागलं असतं.

कॉलेजात सर रोज विचारत.

“मेहमान कसे आहेत?”

“बरे आहेत, सर.”

“हवा मानवली?”

“मॉसला मानवली, सर.”

“आणि लिव्हरवर्ट?”

“ते जरा मिसळून गेलंय, सर.”

“वा,” सर म्हणायचे आणि समाधानानं सुपारी तोंडात टाकायचे. तुलना कुठवर आली, असंही विचारायचे. कारण निबंध छापून यायची वाट बघत होते ते, आणि निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. पुण्याकडच्या एका प्राध्यापकानं त्यांना विचारलं होतं, की हकीमसाहेब, तुमची ती बर्फातली जडीबुटी आली म्हणे? सरांनी त्याला अदबीनं सांगितलं होतं, की निबंध छापला की प्रत देईन. हे पुंजारामसमोर झालं होतं. पुंजाराम तेव्हा खिडकीबाहेर बघत होता. बाहेर काही नव्हतं.

त्यानं एक प्रयत्न केला, नाही असं नाही. आत्याच्या डब्यातला चमचाभर मसाला कागदात बांधून प्रयोगशाळेत नेला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. शेजारी मॉस ठेवलं. मॉसवर पाण्याचा थेंब टाकला, तर ते सावकाश उलगडलं, एकेक पान बाजूला झालं, प्रत्येक पानाला मधोमध शीर, टोकाला पांढरा केस, बघत राहावं असं. मग त्यानं लिव्हरवर्टवर थेंब टाकला. ते उलगडलं नाही. त्याला तर्री सुटली. तुलनेचा हा मुद्दा निबंधात घालण्यासारखा नव्हता.

तरी तो शोधत राहिला. धण्याची सालं, मिरचीच्या बिया, खोबऱ्याचा कीस, आणि या सगळ्याखाली, भिंगाच्या कडेला, करपलेल्या पानाचा एक तुकडा. मधली शीर नाही. कडेला बारीक केसांची झालर. तेच होतं. इतक्या लांबून येऊन, कढईत परतून, मुसळाखाली जाऊनसुद्धा त्यानं आपली झालर सोडली नव्हती. पुंजारामच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीनं आलं, असं त्यानं ठरवलं. मग तो शिंकला आणि तो तुकडा गेला.

दुसरं एखादं लिव्हरवर्ट आणून ठेवावं, असंही मनात येऊन गेलं. पण मे महिन्यात मराठवाड्यात हिरवं काही सापडत नाही, खोटं बोलायलासुद्धा.

आणि एका दुपारी सर हर्सूलला आले.

टांग्यातून उतरले. गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी, डोक्यावर टोपी, घामानं निथळलेले. हातात वाळ्याची जुडी होती. ती रांजणापाशी टांगली की पाहुण्यांना गारवा लागेल, असं त्यांच्या मनात होतं. पुंजारामनं ती जुडी हातात घेतली आणि त्याला जमिनीत जावंसं वाटलं. पण जमीन मे महिन्याची, कडक.

“या मास्तर,” चतुराबाई पदर सावरत म्हणाली. “आज जेवल्याबिगर जायचं नाय.”

“आधी पाहुण्यांना बघून—”

“कोन पाहुनं? तुमीच पाहुनं. पुंजा, पाट टाक.”

पुंजारामनं पाट टाकला. वांग्याचं काळ्या मसाल्यातलं कालवण, भाकरी, कांदा. सरांनी पहिला घास घेतला, थांबले, दुसरा घेतला.

“चतुराबाई, मसाला घरचा?”

“व्हय. औंदा लई चांगला झालाय. आन् त्यातलं दगडफूल तुमच्या इद्यार्थ्यानं आणल्यालं. मी सांगितलं एकडाव, आणलं त्येनं.”

“वा. पुंजाराम, हा गुण आम्हाला ठाऊक नव्हता. काही वेगळीच चव आहे. किंचित... जंगलाची म्हणावी अशी. थोडं कालवण आणखी वाढा, बाई.”

चतुराबाईनं वाढलं. पुंजारामच्या हातातला घास हातातच राहिला. सर मन लावून जेवत होते. भर उन्हात टांग्यानं आलेला, शेरवानीत शिजलेला, निवृत्तीला आलेला माणूस सुखानं जेवत होता. आणि मध्येच, बोटं चाटत, म्हणाला,

“झालं की आणा बाहेर त्यांना. दोघांनाही.”

पुंजारामनं हातातला घास ताटात ठेवला.

“सर, दोघं नाहीत. एक जण तुमच्या ताटात आहे.”

सरांनी ताटात बघितलं. ताटात वांगं होतं. त्यांनी पुंजारामकडं बघितलं. मग पुंजारामनं सगळं सांगितलं: दगडफूल विसरलेलं, पहाटेचं ‘हो हो, केलं’, लाल दोरा, कढई. सांगताना तो पाटाच्या कडेकडं बघत होता. पाटाला एक खिळा वर आला होता. तो त्यानं आयुष्यभर लक्षात राहील इतका नीट बघून घेतला.

सरांचा हात कालवणात तसाच होता. आता इथं एक नाजूक प्रश्न उभा राहिला. पानात अन्न टाकायचं नाही, हा एक नियम. आणि संग्रहालयाचा नमुना संपवायचा नाही, हा दुसरा. सरांनी दोन्हींचा विचार केला. मग भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि ताट शेवटपर्यंत पुसून खाल्लं, अगदी सावकाश, एकेक घास. ते नमुना परत गोळा करत होते की त्याला निरोप देत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

“संपूर्ण नमुना?” हात धुताना त्यांनी विचारलं.

“वासच नव्हता त्येला,” चतुराबाई पुटपुटली. “म्हनून समदं टाकलं.” तिनं पदर तोंडाशी धरला होता. मग तो बाजूला करून ती पुंजारामकडं वळली. “इलायतेचं व्हतं व्हय रं त्ये? मंग सांगायचं न्हवतं का मला? मी हात लावला असता का त्येला? द्येव्हाऱ्यात ठेवलं असतं की.”

“मला वाटलं, तुला...”

“काय वाटलं?”

तो पाटाच्या कडेवरून बोट फिरवू लागला.

“कळायचं नाय, आसंच ना?” चतुराबाई म्हणाली. “आन् मी गल्लीभर सांगत हिंडले, माझा पुंजा, माझा पुंजा.”

पुंजाराम त्या खिळ्याकडं बघत राहिला. खिळ्यानंही काही मदत केली नाही.

“बाई, त्याला बोलू नका,” सर ओल्या हातानं म्हणाले. “पुडी मी बांधली. पाकीट होतं चांगलं, नाव लिहिलेलं. मला त्याची घडी मोडवली नाही. नावासकट आलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, हे काय लिहिलंय म्हणून. शरम मला वाटायला पाहिजे.”

“तुमाला कशी? टाकलं म्या.”

“मी विसरलो, आत्या. वर खोटं बोललो.”

“कशाला वासाची खोट काढली मी, आन् समदं टाकलं—”

कोण जास्त दोषी यावर तिघांत अशी ओढाताण चालली असताना साळूबाई दारात आली. तिला सगळं पुन्हा सांगावं लागलं. तिनं ऐकलं, छाती धरली आणि सांगितलं की निम्मा मसाला छावणीला लेकीकडं गेला, आणि लेकीनं त्यातला थोडा कन्नडला नणंदेकडं धाडला.

सरांनी बोटांवर गावं मोजली.

“म्हणजे हर्सूल, छावणी, कन्नड,” ते शेवटी म्हणाले. “उत्तरेबाहेर ही वनस्पती कधी सापडलेली नाही. पहिलीच नोंद.” आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. हसले नाहीत. दुसरं कुणी हसण्याचा प्रश्नच नव्हता.

“मास्तर,” चतुराबाईनं विचारलं, “याला शिक्षा काय आसती?”

“शिक्षा नसते, बाई. फक्त पुन्हा कधी कुणी काही देत नाही. मला नाही, कॉलेजाला नाही, माझ्यामागून येणाऱ्यांनाही नाही.”

“त्यापरीस जेल बरं. जेल तर हितंच हाय, चालत जाईन मी.”

“पोस्टात हरवलं म्हना की,” साळूबाईनं सुचवलं. “कोन बघाया येतंय?”

सरांनी तिच्याकडं बघितलं. हे त्यांच्याही मनात येऊन गेलेलं दिसत होतं. आपल्या पोस्टाबद्दल त्या लोकांचं मत आधीच तसं असेल, विश्वासही बसेल, निबंध बुडेल पण नाव राहील, आणि पुण्याकडच्या प्राध्यापकालाही तेच सांगता येईल. सरांनी खिशातून कागद आणि पेन काढलं. टोपण उघडलं. पहिली ओळ उजवीकडून डावीकडं लिहिली, खोडली. इंग्रजीत लिहिली, खोडली. मग पेन तसंच धरून बसले. इतकी वर्षं विनवण्या करून मिळालेला विश्वास एका ओळीत कसा बुडवायचा, हे त्यांना कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

पुंजारामनं त्यांच्या हातातून पेन घेतलं.

“मी लिहितो, सर. खरं तेच लिहितो. आत्याचं नाव घालत नाही.”

“घाल,” चतुराबाई म्हणाली. “आन् मराठीत लिव्ह. मला कळंल आसं. या टायमाला मला कळलं पायजे.”

मग त्यानं मराठीत लिहिलं. प्रत्येक ओळ लिहायच्या आधी मोठ्यानं म्हणून दाखवली. सर अधूनमधून कचेरीतला एखादा शब्द सुचवत होते, सारा जन्म तिथंच गेल्यासारखे. आत्या दोन ठिकाणी ‘नाय, आसं न्हवतं झालं’ म्हणाली, ती वाक्यं बदलली. त्याचं इंग्रजी सर करणार होते. पण त्यांनी त्या दिवशी केलं नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी मूळ अर्जच, चतुराबाईच्या डाव्या अंगठ्यासह, मॉसच्या पुडीबरोबर त्या साईच्या रंगाच्या पाकिटात घालून उत्तरेला गेला. पाकिटाची घडी या वेळी सरांनी स्वतः मोडली.

अर्ज असा:

‘मेहेरबान संग्रहालयप्रमुख साहेब यांचे सेवेशी.

अर्जदार पुंजाराम, मुक्काम हर्सूल, जिल्हा औरंगाबाद, विनंती करतो की, आपणाकडून उसने मिळालेल्या दोन नमुन्यांपैकी मॉस सोबत परत पाठविले आहे. ते उत्तम आहे. लिव्हरवर्ट परत पाठविता येत नाही, कारण ते जेवणात वापरले गेले. यात अर्जदाराची आत्या चतुराबाई हिचा कसूर नाही. नमुना काय आहे हे तिला सांगितले असते तर तिने तो सांभाळला असता. ते तिला सांगितले गेले नाही. न सांगणारा अर्जदार स्वतः आहे. प्राध्यापक हेमचंद्र यांचाही कसूर नाही. त्यांनी आपले पाकीट मळू नये इतकेच पाहिले.

सदर लिव्हरवर्ट नष्ट झाले असे समजू नये. ते हर्सूल, छावणी व कन्नड येथील इसमांच्या पोटी आहे, आणि सर्व इसम हयात व सुखरूप आहेत. तरी मेहेरबानांनी अर्जदारावर रोष न धरता, यापुढे या कॉलेजास नमुने देणे बंद करू नये, आणि सदर लिव्हरवर्टच्या उसनवारीची मुदत संबंधित सर्व इसमांच्या हयातीपर्यंत वाढवून देण्याचा हुकूम फर्मावावा, ही नम्र विनंती.’